मातीचे मीठ

दिनांक २१ मे २०२४ रोजी गुरुबसप्पांनी लातूरच्या गंजातून खडेमिठाची चार पोती घेतली आणि त्यांचे एक हजार तीनशे वीस रुपये रोख मोजून दिले. पोती टेंपोत चढवताना हमालाने विचारले, "अप्पा, अख्ख्या गावाचं लोणचं घालून राहिले का काय?"

"दोन पोती गावाची," गुरुबसप्पा म्हणाले, "अन् दोन माझी."

"तुमची म्हणजे?"

"माझ्या मातीची."

हमालाने पाठीवरचे पोते तिथेच टेकवले आणि कपाळाला हात लावला. गुरुबसप्पांना मात्र यात दचकण्यासारखे काही वाटत नव्हते. लिंगायतांत माणूस गेला की त्याला जाळत नाहीत. खड्ड्यात बसवतात, वरून विभूती, बेलाची पाने आणि मीठ घालतात आणि मग माती लोटतात. त्या भागात अंत्यविधीलाच 'माती' म्हणतात. कासारवळणात ज्याची माती असेल त्याचे मीठ गुरुबसप्पांच्या दुकानातून जायचे, आणि त्याचे पैसे कधी घेतले जायचे नाहीत.

कासारवळण हे रेणापूर तालुक्यातले, मांजरेच्या काठावरचे गाव. गुरुबसप्पांचे किराणा दुकान तिथे त्यांच्या वडिलांपासून. वडील गेले तेव्हा ते विशीत होते, आता एकाहत्तर वर्षांचे. या पन्नास वर्षांत त्यांनी कुणाला तोळाभर कमी दिले नाही आणि कुणाला पैशाने जास्तही दिले नाही. "आधी भाव ऐका, मग पिशवी उघडा," हे त्यांचे वाक्य गावातली पोरे त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवत. स्वतः कुणाचे एक रुपयाने देणे लागायचे नाही, हा दुसरा नेम. अपवाद फक्त मातीच्या मिठाचा. "त्याला तराजू लावायचा न्हाई," असे वडील सांगून गेले होते. म्हणून कुणाच्या घरून रडत पोरगा आला, की अप्पा स्वतः पोते काढून देत, दुकानाची फळी लावत आणि टोपी नीट करून अंत्ययात्रेच्या मागे चालू लागत. श्रीमंत असो की गरीब, प्रत्येकाला एक पोते.

आठ वर्षांपूर्वी नीलाबाईंची माती झाली तेव्हाही मीठ त्यांनीच घातले. नीलाबाई त्यांची बायको, निलंग्याकडच्या. रागावल्या की कानडीत बोलायच्या आणि राग उतरला की मराठीत. स्मशान नदीच्या वळणावर, उंचवट्यावर. तिथे एका कडुलिंबाखाली त्यांना बसवले. दिवस झाल्यावर गुरुबसप्पांनी पंचांना सांगून शेजारची जागा स्वतःसाठी ठेवून घेतली, तीही नदीच्या बाजूची. लग्न झाल्यापासून ते दाराकडच्या बाजूला झोपत आले होते. चोर आला, साप निघाला, तर आधी आपण, असा त्यांचा साधा विचार. स्मशानाला दार नव्हते, पण नदी होती. पूर चढला तर आधी आपण.

तेव्हापासून ते दर उन्हाळ्यात स्वतःची दोन पोती, एक लागायचे म्हणून आणि एक ऐन वेळी कमी पडू नये म्हणून, ताजी आणून ठेवत आणि आदल्या वर्षीची जनावरांच्या दाण्यासाठी विकून टाकत. पोती घराच्या माळ्याखाली असत. त्या वर्षी मात्र त्यांची सून अक्षरा हात पुसत समोर उभी राहिली.

"मामा, रागावू नका. लेकरं त्या पोत्यावर बसून अभ्यास करून राहिलेत. अन् ते तुमच्या मातीचं हाय. मला ते बघवत न्हाई."

सून शब्दाला जपून बोलणारी. तिने इतके म्हटले म्हणजे फार दिवस मनात धरले असणार. गुरुबसप्पांनी लगेच बैलगाडी बोलावली आणि गावाच्या दोन पोत्यांसकट चारही पोती स्मशानातल्या पत्र्याच्या खोलीत नेऊन ठेवली. त्या खोलीत फावडी, टोपल्या आणि मेलेल्याला बसवून न्यायची लाकडी पालखी असे. दाराबाहेर हातपाय धुवायला एक आड होता. पोत्यांखाली फळ्या घालायला हव्या होत्या. उद्या आणू, असे ते म्हणाले आणि विसरले. ज्या माणसाने पन्नास वर्षे मीठ विकले, गिऱ्हाइकाला "मीठ जिमिनीला लावू नको रे" असे शंभरदा सांगितले, त्याने आपले मीठ जमिनीवर ठेवले आणि कुलूप लावले.

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला. देवाच्या कृपेने समाजात एकही माती झाली नाही, त्यामुळे खोली उघडायची वेळ आली नाही.

डिसेंबरात ग्रामपंचायतीने दवंडीसारखा निरोप फिरवला की नदीच्या पाण्याचे नवे नियम होत आहेत आणि मॅडम गावाचे म्हणणे ऐकायला येणार आहेत. मॅडम म्हणजे नांदेडच्या प्रदूषण नियंत्रण कचेरीतल्या तनुजा. मूळच्या अर्धापूरच्या, केळीवाल्यांच्या घरातल्या. खुर्ची देऊनही त्या उभ्यानेच बोलल्या.

"जुने नियम झाले तेव्हा या पट्ट्यातलं पाणी शेतीचं म्हणून धरलं होतं. आता खालची गावं हेच पाणी पितात. म्हणून नदीचा दर्जा वर न्यायचा आहे. दर्जा वर नेला की काठावरच्या सगळ्याचे नियम कडक होतात. कारखान्याचं पाणी, गावाचं गटार, नदीत ट्रॅक्टर धुणं..."

कारखाना दुसऱ्याचा, म्हणून लोक माना डोलवत होते. गटाराला माना थोड्या थांबल्या. मॅडम पुढे म्हणाल्या, "आणि दफनभूमी. नदीपासून शंभर मीटरच्या आत असेल तर दोन वर्षांत दुसरीकडे न्यायची, असं मसुद्यात आहे."

तेवढ्यात भुजंगराव उठले. हे गुरुबसप्पांचे शाळेपासूनचे दोस्त, नदीकाठचे बागायतदार, आणि गावात कुणाच्याही सभेत पहिले बोलण्याचा मान त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेला.

"मॅडम, आम्ही मराठे. आमचं बरं हाय, धूर होऊन वर जातो. पण ह्यांचं म्हणाल, तर पुरलेली माणसं नदीवर तोंड धुवायला जात न्हाईत."

सगळे हसले. तनुजाही हसल्या. मग म्हणाल्या, "ती जात नाहीत भाऊ, पण मीठ जातं. तुमच्या स्मशानातल्या आडाचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारट आहे. खोऱ्यात अशा जेवढ्या जागा तपासल्या, त्यात सगळ्यात वाईट आकडा कासारवळणाचा. शंभर मीटरचं कलम मुळात त्या आकड्यामुळं आलं."

"गोडं होतं की ते पाणी!" शिवमूर्ती स्वामी म्हणाले. समाजातले सगळे विधी हेच स्वामी करीत. "मी स्वतः पिलोय."

मागून कुणीतरी आवाज टाकला, "अप्पांचं फुकटचं मीठ! घ्या आता पुण्य!"

गुरुबसप्पा उठले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "बाई, एक विचारतो. एखाद्यानं तिथं जागा ठेवलेली असंल, म्हणजे बायकोच्या शेजारी, तर त्याचं काय?"

तनुजांनी हातातला कागद मिटला. "मसुदा असाच पक्का झाला, अप्पा, तर दोन वर्षांनी तिथं नवी माती देता येणार नाही. नवी जागा गायरानात, माळावर. ज्या झाल्यात त्यांना कुणी हात लावणार नाही."

"दोन वर्षं हायत अप्पा," भुजंगराव म्हणाले, "उरकून घे."

सभा खदखदून हसली. गुरुबसप्पाही हसले. घरी येऊन मात्र त्यांनी भाकरी ताटातच ठेवली. अक्षराने विचारले तर म्हणाले, "तिला सांगितलं होतं, बाजूला येतो म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून ते स्मशानात गेले. भुजंगराव बोलावल्याशिवाय सोबत होतेच. आदल्या दिवशीच्या विनोदाची त्यांना थोडी लाज वाटत होती, पण तसे म्हणण्याची त्यांची रीत नव्हती. आडाचे पाणी काढून दोघांनी चूळ भरली आणि दोघांनी थुंकली.

"समुद्र हाय हा," भुजंगराव म्हणाले.

गुरुबसप्पा बोटांवर मोजू लागले. गेल्या पाच-सहा वर्षांत माती किती झाल्या ते त्यांना पाठ होते, कारण मीठ त्यांनीच दिले होते. इतक्याशा मिठाने भरलेला आड खारट व्हायचा नाही. शिवाय ते मीठ जुने, आणि पाणी तर स्वामी गेल्या उन्हाळ्यापर्यंत पीत होते. मग हे मीठ आले कुठून? विचार करता करता त्यांची नजर पत्र्याच्या खोलीवर गेली. त्यांनी कुलूप काढले.

आत भिंतीलगत चार पोती होती. वरची दोन अर्धी होऊन कलली होती. खालची दोन उपाशी जनावरासारखी चपटी पडली होती. पत्र्याला छिद्र, खाली फरशीवर पांढरा थर, आणि त्या थराची एक लांब वाट भिंतीखालच्या मोरीतून बाहेर, थेट आडापर्यंत गेलेली.

भुजंगरावांनी एक चपटे पोते पायाने हलवून पाहिले. मग म्हणाले, "अप्पा, तुझं मीठ तू जायच्या आधीच गेलं की रे."

गुरुबसप्पा दारातच खाली बसले. त्यांच्या हातून आयुष्यात पहिल्यांदा माल नासला होता, आणि नासला तो असा की सगळ्या नदीचे नियम त्याच्यावर उभे राहिले होते.

"हे बघ," भुजंगराव आवाज उतरवून म्हणाले, "माझा इंजिनाचा पंप हाय. आड उपसू, पोती उकिरड्यात पुरू. मग मॅडमला म्हणायचं, तुमची बाटलीच खराब होती, पुन्हा तपासा. तुझं नाव न्हाई, माझं न्हाई. कोण विचारतं?"

सल्ला वाईट नव्हता. जागा वाचली असती, आणि गावात हसूही झाले नसते. गुरुबसप्पांनी नीलाबाईंच्या लिंबाकडे पाहिले. त्यांना वाटले, आपल्या स्मशानाचे निभावेल, पण त्या बाईने सांगितले काय? हा आकडा सगळ्या खोऱ्याच्या कलमाला कारण झाला. नदीच्या वर आणि खाली किती गावांत किती म्हाताऱ्यांनी अशाच जागा ठेवल्या असतील. बाटली खराब म्हटले तर आपला आकडा खोडतील, पण मीठ खरेच मातीतून येते अशी शंका कागदावर तशीच राहील.

"न्हाई भुजंग्या," ते म्हणाले. "नांदेडला जायचं. मीठ माझं हाय हे मीच सांगणार."

"लोक हसतील."

"तू कालच हसवलंस की. आता सवय झाली."

दोघे एसटीने नांदेडला गेले. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा भुजंगरावांनी भजी खाल्ली आणि गुरुबसप्पांनी नुसता चहा घेतला. कचेरीत तनुजांच्या टेबलासमोर बसून त्यांनी सगळे सांगितले. सुनेचे नाव त्यांनी घेतले नाही, "घरात जागा नव्हती" इतकेच म्हटले. फळ्या घालायच्या विसरलो, हे मात्र दोनदा सांगितले.

तनुजांनी पेन खाली ठेवले. "म्हणजे दोन पोती तुमची स्वतःची? आधीच आणून ठेवलेली?"

"ऐन वेळी पोरांची धावपळ नको म्हणून."

"अन् ते मीठ माझ्या बाटलीत आलं." त्यांना हसू आवरेना. मग त्या गंभीर झाल्या. "अप्पा, माझी पण चूक आहे. खोलीच्या मोरीखालचं पाणी मी तपासायला घेतलं आणि खोलीत काय आहे ते विचारलं नाही. तुमच्या तोंडच्या सांगण्यावर आकडा काढता येणार नाही. पण तुम्ही लेखी द्या. खोलीचा पंचनामा करू. आड पूर्ण उपसा, भरू द्या, पुन्हा उपसा. मग मी गावासमोर पाणी घेते. आडाचंही, आणि जमिनीत भोक पाडून मातीखालचंही. आलं तर आलं, नाही आलं तर नाही."

"आलं तर?"

"तर जागा जाईल," त्या म्हणाल्या. "खोटं सांगत नाही."

"बरं केलं. खोटं ऐकायला इतक्या लांब आलो न्हाई."

जानेवारीत भुजंगरावांचा पंप आडावर बसला. इंजिन सुरू झाले आणि भुजंगरावांनी सवयीने पाइप नदीकडे फिरवला.

"इकडं!" गुरुबसप्पा ओरडले. "नदीत न्हाई! मुरमाच्या खाणीकडं!"

"घ्या! नियम व्हायच्या आधीच हा फौजदार झाला."

आड तीनदा उपसला. तिसऱ्या वेळी शिवमूर्ती स्वामींनी चूळ भरली आणि गिळली. तोंड वाकडे झाले नाही. मग ते कट्ट्यावर बसले आणि पुष्कळ दिवस मनात असलेले बोलले. "अप्पा, एक बोलू का? विधीत मीठ मूठभर लागतं. पोतं कुठंच सांगितलं न्हाई. पोत्याची पद्धत तुमच्या दुकानानं पाडली. तुम्ही फुकट देता, अन् लोकांना वाटतं कमी घातलं तर बापाचा अपमान."

गुरुबसप्पांनी कपाळावरची विभूती पुसली न जाईल अशा बेताने घाम टिपला. पन्नास वर्षांचा नेम, आणि त्यात एवढे साधे कुणी विचारले नव्हते, त्यांनीही नाही. "मग तुम्ही बोलला का न्हाई?"

"मातीच्या येळी तुम्हाला कोण बोलणार? तुम्ही सगळ्यात पुढं रडत असता."

फेब्रुवारीत तनुजा आल्या. बाटल्या भरताना अर्धे गाव आडाभोवती होते. मातीखालचे पाणी घेण्यासाठी त्यांनी लिंबापासून थोड्या अंतरावर खोल भोक पाडायला सांगितले. यंत्राचा दांडा खाली जात होता तेव्हा गुरुबसप्पा पाठ करून उभे राहिले. तपासणीचा निकाल यायला तीन आठवडे लागले. त्या दिवसांत त्यांनी दुकानात दोनदा चुकीचा भाव सांगितला आणि गिऱ्हाइकांनीच दुरुस्त केला.

निकाल तनुजांनी फोनवरच सांगितला. आडाचे पाणी ठीक. मातीखालच्या पाण्यात मीठ थोडे जास्त, पण मर्यादेच्या आत. दुसऱ्या गावांचे आकडेही तसेच. फोन ठेवल्यावर गुरुबसप्पांनी अक्षराला हाक मारली आणि नुसते म्हणाले, "सुनबाई, जेवायला वाढ." तिने काय समजायचे ते समजून घेतले आणि त्या दिवशी पुरण घातले.

मे महिन्यात नियम पक्के झाले. नवी दफनभूमी शंभर मीटरच्या बाहेरच हवी, पण जुनी तीस मीटरच्या बाहेर असेल तर तिथेच राहील. मीठ मुठीने घालायचे, आणि साठवायचे असेल तर पक्क्या छपराखाली, ओट्यावर. ही शेवटची ओळ कोणामुळे आली हे लिहिलेले नव्हते, पण कासारवळणात सगळ्यांना माहीत होते.

आता उरले तीस मीटर. तनुजा टेप घेऊन आल्या. नदीच्या काठावर पुराच्या खुणेपाशी त्यांचा माणूस टेपचे एक टोक धरून बसला आणि दुसरे टोक भुजंगरावांनी मागून घेतले.

"ओढू नका भाऊ. टेप ताणून मीटर वाढत नाहीत."

"ओढत न्हाई मॅडम, आधार देऊन राहिलो."

नीलाबाईंच्या जागेपर्यंत चौतीस मीटर भरले. लोकांनी सुस्कारा सोडला, पण गुरुबसप्पा तसेच उभे होते. "माझी जागा तिच्या अलीकडं हाय. नदीच्या बाजूला."

भुजंगराव ओरडले, "अरे, मग पलीकडं ठेव ना जागा! पाऊल टाकलं की झालं!"

"न्हाई. मी त्याच बाजूला झोपतो."

तनुजांनी टेप मागे घेतला, लिंबाच्या अलीकडे जमिनीवर गुडघा टेकला आणि आकडा वाचला. मग वर पाहून म्हणाल्या, "बत्तीस. अप्पा, तुम्ही खुशाल या. घाई मात्र करू नका."

गुरुबसप्पांनी टोपी काढली आणि या वेळी ती बराच वेळ हातातच राहिली. भुजंगरावांनी टेपचे टोक सोडले तेव्हा ते सरसर करत माणसाच्या हातापर्यंत गेले आणि सगळ्यांना उगीचच हसू आले. गुरुबसप्पा हसले ते सगळ्यात उशिरा, आणि थांबलेही सगळ्यात उशिरा. नीलाबाई असत्या तर कानडीत काहीतरी बोलल्या असत्या, असे त्यांना वाटले.

घरी जाताना त्यांनी खिशात हात घातला. "भुजंग्या, पंपाला डिझेल किती लागलं? जानेवारीपासून विचारतोय."

"चारशे दहाचं. अन् मी घेणार न्हाई."

"मी कुणाचं देणं ठेवत न्हाई, तुला माहीत हाय."

"म्हणून तर. तुझी जागा तयार, मूठभर मिठाची सोय झाली, आता देणं पण फिटलं तर तू मोकळा होशील अन् लगेच निघशील. राहू दे लेका अंगावर. पुढच्या वर्षी बघू."

गुरुबसप्पांनी नोटा पुन्हा खिशात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी भुजंगराव दुकानात आले तेव्हा त्यांनी त्या पुढे केल्या, तिसऱ्या दिवशी अक्षराच्या हाती पाठवल्या. दोन्ही वेळा परत आल्या. उरलेले मीठ त्यांनी वाळवून जनावरांसाठी विकले आणि खोलीत विटांचा ओटा बांधून घेतला. त्यावर आता झाकणाचा एक डबा आहे.

डिझेलचे चारशे दहा रुपये भुजंगरावांना द्यायचे अजून बाकी आहेत.